थंडीतले सण ठरवतं कोण? येळवस, गड्डा, नाताळ आणि यल्दाची गोष्ट

मार्गशीर्ष लागला की सोलापुरात सणांची रीघ लागते. बाळ्याच्या खंडोबाची यात्रा, चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा, दत्तजयंतीला गाणगापूरकडे निघालेली माणसं, शेताशेतात येळवस, चर्चच्या दारात चांदणीचे कंदील आणि मग भोगी-संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा. याच आठवड्यांत इराणात घरोघरी रात्र जागवतात, स्वीडनमध्ये मुली डोक्यावर दिव्यांचा मुकुट घालून गातात, ज्यू घरांत रोज एक वात वाढवत दिवे लागतात आणि चीनमध्ये कुटुंबं पिठाचे गोळे उकडून एकत्र जेवायला बसतात. हे लोक एकमेकांना विचारून सण करत नाहीत. तरीही सगळ्यांचा मुहूर्त वर्षाच्या याच टोकाला का पडतो, हे नीट समजून घ्यायचं तर आधी आकाशाकडे पाहावं लागतं, मग शेताकडे, आणि शेवटी पंचांगाकडे. माझ्या मते सगळ्यांत मजेशीर भाग पंचांगाचा आहे, पण तिकडे जरा सावकाश जाऊ.

अंधार तिकडचा, सुगी इकडची

पृथ्वीचा आस साधारण २३.५ अंशांनी कललेला आहे. त्यामुळे वर्षातला काही काळ उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि काही काळ त्याच्यापासून दूर. २१ किंवा २२ डिसेंबरला हा विरुद्ध बाजूचा कल सर्वांत जास्त असतो. दुपारचा सूर्य वर्षातल्या सर्वांत खालच्या वाटेनं जातो, दिवस सर्वांत लहान होतो आणि दुसऱ्या दिवसापासून सूर्य पुन्हा उत्तरेकडे सरकू लागतो.

आता हा 'सर्वांत लहान दिवस' जागेनुसार किती वेगळा असतो ते पाहा. सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेसतरा अंशांच्या जरा वर आहे. इथला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस अकरा तासांपेक्षा थोडा मोठाच असतो, आणि जूनमधला सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आत. फरक जेमतेम दोन तासांचा. स्टॉकहोममध्ये डिसेंबरातल्या त्याच दिवशी सूर्य सहा तास दिसतो, आइसलँडच्या रेक्याविकमध्ये चार, आणि नॉर्वेच्या अगदी उत्तरेला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही. तिथल्या माणसाला अंधार ही काय चीज आहे ते सांगावं लागत नाही. गाई-गुरं गोठ्यात बांधलेली, जमीन गोठलेली, साठवलेलं धान्य कमी कमी होत चाललेलं. अशा वेळी सूर्य परत फिरला याचा आनंद म्हणजे जीव वाचल्याचा आनंद. म्हणून उत्तरेकडच्या सणांत दिवा, शेकोटी, ओंडका पेटवणं आणि हिरवंगार राहणारं झाड घरात आणणं हे सगळं मध्यभागी आहे. नाताळाचं झाड सजवण्याची प्रथा जर्मन भाषक मुलखातली. ती इंग्लंडमध्ये घरोघरी पोहोचली १८४० नंतर, व्हिक्टोरिया राणीच्या काळात.

आपल्याकडे अंधाराचं तेवढं भय नाही. सोलापूरकराला डिसेंबर हा वर्षातला सर्वांत सुखाचा महिना. उन्हाळ्यात ४३-४४ अंश सोसणाऱ्या गावाला थंडी हवीहवीशीच वाटते. मग आपले थंडीतले सण कशाचे? पिकाचे. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली असते. डिसेंबरात ती पोटऱ्यात येते, निसवते, आणि पुढे काही आठवड्यांत कणसात दुधाळ दाणा भरतो. हुरड्याचे दिवस ते हेच. हरभऱ्याला घाटे धरलेले, तुरीच्या शेंगा भरलेल्या, ऊस तोडणीला, बोरीला बोरं. शेतकऱ्याच्या शिवारात खायला काही ना काही आहेच, असा वर्षातला काळ हा.

हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते येळवसला. मार्गशीर्ष अमावास्येला आपला जिल्हा, धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडचा कर्नाटक शेतात जातो. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा सण बहुधा माहीतही नसतो, आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण महाराष्ट्रात भूमीचे इतके थेट आभार मानणारे सण मोजकेच आहेत. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप, म्हणजे खोपी, करतात. तिच्यात पाच दगड मांडून, त्यांना चुना लावून पांडव पूजतात. आदल्या दिवसापासून घरात आंबील लावलेली असते. ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबवायचं, लसूण-मीठ घालायचं, आणि मातीच्या भांड्यात भरून डोक्यावरून शेतात न्यायचं. भज्जी हा या दिवसाचा खरा मानाचा पदार्थ. त्या आठवड्यात शेतात जे जे हिरवं आहे ते सगळं तिच्यात जातं. तुरीचे ओले दाणे, वाल, वाटाणे, हरभऱ्याचा पाला, मेथी, पातीचा कांदा, वरून चिंचेचं पाणी आणि डाळीचं पीठ. सोबत ज्वारी-बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर. पूजा झाली की आंबील रानात शिंपडतात आणि मगच पंगत बसते. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवणं हा रिवाजच आहे. गावाकडे शेत नसलेल्या शहरातल्या कुटुंबालाही त्या दिवशी कुठल्या ना कुठल्या शेताचं आमंत्रण असतं. दुपारनंतर सोलापुरातली बाजारपेठ अर्धी ओस पडते.

भज्जीत काय पडलं त्यावरून त्या वर्षी रान कसं आहे ते कळतं. तुरीला पाऊस नडला असेल तर दाणे कमी. परतीचा पाऊस चांगला झाला असेल तर हरभरा भरपूर. संक्रांतीच्या सुगडातसुद्धा तेच: ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या. आणि तिळगूळ. निम्म्याच्या आसपास तेल असलेला तीळ आणि उष्ण मानला जाणारा गूळ हे थंडीचंच खाणं. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा का, हे आजीला विचारलं तर तीही हेच सांगेल.

आता इराणकडे वळू, कारण तिथं एक गोष्ट थेट आपल्या जिल्ह्याशी जुळते. डिसेंबरातली सर्वांत मोठी रात्र इराणात 'यल्दा' म्हणून साजरी होते. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडे सगळे जमतात, रात्र उलटेपर्यंत गप्पा मारतात, फारसी कवी हाफिजच्या कविता काढून त्यातून शकुन पाहतात, आणि मध्यभागी ताटात असतं लालबुंद डाळिंब. सोबत उन्हाळ्यापासून राखून ठेवलेलं कलिंगड. हा सण इस्लामच्या आधीपासूनचा आहे आणि आज इराण-अफगाणिस्तानातली मुसलमान कुटुंबंही तो करतात. २०२२ मध्ये युनेस्कोनं त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. डाळिंब मूळचं त्याच मुलखातलं. आज सांगोला-पंढरपूरकडच्या बागांमधून मृग बहाराची डाळिंबं याच थंडीत बाजारात येतात, आणि देशाचं डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरलाच, केगावला आहे. इराणात फळाचा लाल रंग पहाटेच्या रंगासारखा मानतात. आपण डाळिंब पिकवतो, पॅक करून पाठवतो, पण त्याच्याभोवती सण मात्र उभा केलेला नाही.

चीनमध्ये याच दिवसाला डोंगझी म्हणतात. दक्षिणेकडे तांदळाच्या पिठाचे गोळे आणि उत्तरेकडे मांसाचं सारण भरलेले मोदकासारखे पदार्थ करतात. जपानात युझू नावाची लिंबाच्या जातीची फळं टाकून गरम पाण्यात अंघोळ करतात आणि भोपळा खातात.

हे सगळं सूर्यामुळेच आहे, याचा पुरावा हवा असेल तर विषुववृत्त ओलांडून बघावं. पेरू देशातल्या इंका लोकांचा सूर्याचा सण, इंती रायमी, जूनमध्ये येतो, कारण त्यांची सर्वांत मोठी रात्र जूनमध्ये असते. कुस्को शहरात तो आजही २४ जूनला होतो. उलट ऑस्ट्रेलियात नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो. लोक समुद्रावर जातात, आणि तरी दुकानांत कापसाचा बर्फ लावतात. तिथं सण जहाजातून गेला, ऋतू मागे राहिला.

संक्रांत का सरकते?

आता पंचांगाकडे. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत फिरणाऱ्या मेसेजांमध्ये एक वाक्य हमखास असतं: 'संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होतं.' खगोलाच्या हिशेबानं सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरलाच. संक्रांत येते त्यानंतर साधारण चोवीस दिवसांनी. मग आपले पूर्वज चुकले का? अजिबात नाही.

आपलं पंचांग सूर्याची जागा ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजतं. सूर्य मकर राशीत शिरला की संक्रांत. साधारण पंधराशे ते सतराशे वर्षांपूर्वी हे शिरणं आणि सूर्याचं उत्तरेकडे वळणं एकाच सुमारास होत होतं. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलतो. त्याला एक फेरी पूर्ण करायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. या डोलण्यामुळे ऋतू आणि तारे यांच्यात दर ७०-७२ वर्षांना एका दिवसाची फट पडते. ताऱ्यांवर बांधलेली संक्रांत त्यामुळे ऋतूच्या मानानं पुढे पुढे जाते.

उदाहरण हाताशी आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. १४ की १५, हा घोळ वेगळ्या कारणानं होतो. ताऱ्यांच्या हिशेबानं वर्ष ३६५ दिवस, ६ तास आणि ९ मिनिटांचं असतं. म्हणून संक्रमणाची वेळ दरवर्षी सहा तासांनी पुढे जाते आणि लीप वर्षाच्या जादा दिवसानं पुन्हा मागे येते. वेळ संध्याकाळनंतरची असली की पुण्यकाळ दुसऱ्या दिवसावर जातो. वर उरलेली नऊ मिनिटं साचत राहतात, म्हणून १५ तारीख आता वरचेवर दिसू लागली आहे.

आता हीच गोष्ट सिद्धरामेश्वरांच्या, म्हणजे गड्डा ज्यांचा त्या सिद्धेश्वरांच्या, काळाला लावून बघा. ते बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या पिढीतले. तेव्हा संक्रांत आणि सूर्याचं वळणं यांत आजच्यासारखे चोवीस नाही, दहा-बारा दिवसांचं अंतर होतं. त्या वेळची संक्रांत युरोपात तेव्हा चालणाऱ्या ज्युलियन दिनदर्शिकेत मांडली, तर ती डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, नाताळाच्या अगदी आसपास पडते. हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मी किती तरी वेळ कागदाकडे बघत राहिलो.

स्वतंत्र भारतानं ही फट बुजवायचा प्रयत्नही केला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यात पौष महिन्याची १ तारीख २२ डिसेंबरला येते, म्हणजे सूर्य वळण्याशी जोडलेली. ती सरकारी राजपत्रावर छापली जाते, आकाशवाणीवर ऐकू येते, पण सण मात्र तिच्याप्रमाणे कोणी हलवले नाहीत. मला ते योग्य वाटतं. गड्डा ज्या संक्रांतीला जोडलेला आहे तिच्यामागे साडेआठशे वर्षांची सवय आहे.

गड्ड्यात काय होतं, हे बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी उंचच उंच सात नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलून मिरवतात. सिद्धेश्वरांनी गावाभोवती स्थापलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. सिद्धरामेश्वरांवर एका कुंभारकन्येचं मन जडलं, ते विरक्त, म्हणून तिचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लावला, अशी कथा आहे, आणि त्याच विवाहाच्या या अक्षता. संमती वाचन होतं ते कानडीत. 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' म्हणताच हजारो हात एकदम वर जातात आणि तांदूळ बरसतो. त्या गर्दीत मराठी, कानडी, तेलुगू बोलणारे सगळे असतात आणि अक्षता कधी टाकायची हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. संक्रांतीला होम होतो. त्यानंतर दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्य, गूळ, गाजर असं काय काय मांडून भाकणूक पाहतात: पाऊस कसा, महाग काय होणार. किंक्रांतीला होम मैदानावर शोभेचं दारूकाम.

तिकडे पूर्व भागात पद्मशाली या तेलुगूभाषक विणकरांच्या वस्तीत पहाटेपासून भोगीची शेकोटी पेटलेली असते. घरातलं जुनंपानं तिच्यात जातं. दारात मोठमोठ्या रांगोळ्या आणि त्यांवर शेणाचे गोळे ठेवून फुलं खोचलेली. लहान मुलांच्या डोक्यावरून बोरं, फुलं आणि नाणी ओततात. आपलं बोरनहाण दुसरं काय आहे? फरक इतकाच, की आपण त्यात हलव्याचे दागिने आणि काळं झबलं घालतो. तमिळनाडूत हेच पोंगल, पंजाबात लोहडी, आसामात माघ बिहू. पिकं वेगळी, म्हणून ताटं वेगळी. संक्रमण एकच.

नाताळाची तारीख

येशूचा जन्म कोणत्या दिवशी झाला हे बायबल सांगत नाही. २५ डिसेंबरचा जुना लेखी दाखला रोममधला, चौथ्या शतकातला. ही तारीख का निवडली याची दोन स्पष्टीकरणं अभ्यासक देतात. एक असं, की रोमन सम्राट ऑरेलियननं २७४ मध्ये 'अजिंक्य सूर्या'ची पूजा राजमान्य केली होती आणि २५ डिसेंबर हा रोमन गणनेत सूर्य वळण्याचा दिवस मानला जाई. त्यावर ख्रिस्तजन्माचा सण बसवला गेला. दुसरं असं, की येशू मातेच्या उदरात आला तो दिवस २५ मार्च मानला जाई, त्यात नऊ महिने मिळवले. दोन्ही वाटा शेवटी सूर्यापाशीच येतात, कारण २५ मार्च हाही रोमन गणनेत वसंतातल्या समान दिवस-रात्रीचा दिवस होता.

रोमनांची ज्युलियन दिनदर्शिका वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरायची. ऋतूंचं वर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान आहे. साचता साचता सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवसांचा फरक पडला. मग पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर धरायला लावला. पण ऑर्थोडॉक्स चर्चेसपैकी अनेकांनी सणांसाठी जुनीच गणना ठेवली. आज दोन्हींत तेरा दिवसांचं अंतर आहे, म्हणून रशियात नाताळ ७ जानेवारीला. युक्रेनमध्ये युद्धाच्या काळात, २०२३ पासून, तो २५ डिसेंबरला आणला गेला. सणाची तारीख बदलणं हा तिथं कोणाच्या बाजूनं आहोत हे सांगण्याचा मार्ग झाला. स्वीडनचा दिव्यांचा मुकुट १३ डिसेंबरला, संत लुसियाच्या दिवशी असतो. चौदाव्या शतकात जुन्या गणनेत सर्वांत मोठी रात्र याच तारखेच्या आसपास यायची. दिनदर्शिका सुधारली, दिवा मात्र आपल्या तारखेलाच राहिला.

नाताळबाबाची गोष्ट थोडक्यात: संत निकोलस हे आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप, आणि त्यांचा दिवस ६ डिसेंबर. बर्फाचा प्रदेश आणि रेनडियर पुष्कळ नंतर चिकटले. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळाला केकच्या शेजारी करंज्या आणि चकल्यांचा डबाही असतो.

चंद्राची गणना

सूर्यावर बांधलेले सण हे झाले. चंद्राचं बारा महिन्यांचं वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. ही तूट भरायची की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

आपण ती अधिक मासानं भरतो. दर साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा. म्हणून येळवस महिनाभर मागेपुढे होते, पण कधी उन्हाळ्यात जात नाही. ज्यू पंचांगही हेच करतं: १९ वर्षांत ७ जादा महिने. त्यांचा हनुक्का किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला सुरू होतो आणि आठ रात्री चालतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात जेरुसलेमचं मंदिर परत मिळवून त्याची शुद्धी केली, त्याची ही आठवण. एका दिवसाचं पवित्र तेल आठ दिवस जळलं, अशी श्रद्धा. म्हणून रोज एक दिवा वाढवायचा आणि तेलात तळलेलं खायचं. २०२४ मध्ये हनुक्काची पहिली वात नेमकी २५ डिसेंबरच्या संध्याकाळी लागली. आपल्या कोकणातले बेने इस्रायल तेल गाळायचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. शतकानुशतकं त्यांनी शनिवार पाळला, पण हनुक्का त्यांच्या जुन्या चालीरीतींत नव्हता. तो बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर त्यांच्याकडे आला.

इस्लामी हिजरी वर्ष ही तूट भरत नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरतो. यात एक न्याय आहे असं मला वाटतं. एकाच मुलखातल्या माणसांना कायम कडक उन्हाचे रोजे आणि दुसऱ्यांना कायम सोपे, असं होत नाही. २०१८ चा रमजान मे-जूनमध्ये होता. सोलापूरच्या त्या उन्हात चौदा-साडेचौदा तास घोटभर पाण्याशिवाय राहून यंत्रमागावर उभं राहणं काय असतं, हे ज्यांनी केलं त्यांनाच विचारावं.

आता तो थंडीत शिरतो आहे. २०३० मध्ये जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रमजान सुरू होईल, आणि वर्ष लहान असल्यामुळे त्याच डिसेंबरच्या अखेरीस पुढचा रमजानही लागेल. चंद्रदर्शनानं एखादा दिवस इकडे-तिकडे झाला तरी २०३० आणि २०३१ या दोन्ही वर्षी गड्डा रमजानच्या महिन्यात येणार, आणि संक्रांतीच्या संध्याकाळी होमाची तयारी चालू असताना सोलापुरातल्याच विजापूर वेशीकडे इफ्तारचे खजूर, फळं आणि भजी मांडली जातील.